वारीत चालताना क्लायंटचे कॉल घेणाऱ्या साहेबांना

मंदगती
आमच्या जुन्या ऑफिसातल्या एका साहेबांची पोस्ट तीन ग्रुपांवरून फिरत माझ्याकडे आली. ‘वारीनं मला शिकवलेले मॅनेजमेंटचे सात धडे’. साहेब चालले आळंदी ते पुणे, एकच टप्पा. विश्रांतवाडी येईपर्यंत दोन क्लायंट कॉल उरकले, हेही कौतुकानं लिहिलंय. सातवा धडा : थांबला तो संपला.

अहो, वारीत पालखी थांबतेच की! दुपारचा विसावा आहे, पुण्यात मुक्काम आहे. आळंदी-पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. सकाळच्या एसटीत बसलात तर दुपारच्या जेवणाला पंढरपुरात. तरी लोक अठरा-वीस दिवस काढतात. का, ते साहेबांना विचारावंसं वाटलंच नाही. निवांत, हळू चालायचं, त्या क्षणात रमायचं, जिथं आहोत तिथं हजर असायचं, म्हणून. मुक्कामाला समाज आरतीच्या वेळी चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, उंचावतो आणि टाळ, मृदंग, माणसं सगळं एकदम गप्प होतं. तरडगावला मी त्या गर्दीत होतो. शेजारच्या मावशींच्या पिशवीत फोन वाजायला लागला. त्यांनी बघितला नाही, सरळ पिशवीवर बसल्या.

२०२३ मध्ये इन्फोसिसचे नारायण मूर्ती आठवड्याला ७० तास काम करा म्हणाले. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीचे सुब्रह्मण्यन ९० वर गेले. आता विठोबालाही कामाला जुंपा.

परखड_पाटील
साहेबांची पोस्ट भंपक, शंभर टक्के. पण वारी म्हणजे निवांतपणा हे तुम्हाला कुणी सांगितलं? रथापुढच्या २७ दिंड्यांचा क्रम ठरलेला, निघायची वेळ ठरलेली. माझी आई दिंडीच्या स्वयंपाकात असते. ट्रक पुढे निघतो, तुम्ही हरिपाठ म्हणत पोचेपर्यंत राहुट्या उभ्या आणि पिठलं-भाकरी तयार. ती भाकरी ‘त्या क्षणात रमून’ थापत नाहीत हो. घाईत थापतात.

आठ_बेचाळीसची_लोकल
निवांतपणावर एवढं लिहायलाही निवांतपणा लागतो. आम्ही बदलापूरहून उभ्यानं येतो. पुणेकरांनी एक ते चार दुकानं बंद करून घोरायचं आणि वर आम्हाला हळू जगायला शिकवायचं! बहिणीच्या रुखवताच्या खरेदीला मुद्दाम रविवार पेठेत आलो तर दोन वाजता शटर खाली.

पेठेतला_वाणी
आलं का एक ते चार? वाटच बघत होतो.

हिशेब मांडतो, मन लावून वाचा. साडेसातला शटर वर, रात्री साडेनऊला खाली. मधले तीन तास वजा करा. अकरा उरतात. त्या तीन तासांत मी जेवतो, उधारीची वही लावतो आणि हो, पाठ टेकतो. मेच्या उन्हात गिऱ्हाईक फिरकत नाही, नुसता पंखा फिरतो. चितळ्यांनी २०१७ मध्ये दुपारी दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली तर त्याची बातमी झाली. त्यांच्याकडे पाळ्या लावायला माणसं आहेत. माझ्याकडे एक पोरगा आणि गुडघे गेलेली बायको.

आठ_बेचाळीसची_लोकल
मग तशी पाटी तरी लावा.

पेठेतला_वाणी
आहे पाटी. मराठीत आहे.

मंदगती
मंडळी, विषय वारीचा होता.

शिफ्टवाली_सिस्टर
विषय राहू दे. पाठ टेकून उठल्यावर चहा कोण देतं, ते सांगा आधी. आमच्याकडे सासरे चारला उठतात आणि मी रात्रपाळीची झोप अर्धवट टाकून आधण ठेवते. वामकुक्षी म्हणे!

आणि ‘हजर असणं’ वगैरे जे लिहिता ना, त्याचं आमच्या वॉर्डात काय होतं तेही ऐका. एका आजोबांना गिळायला त्रास होता. चमच्यानं पाणी द्यायचं, घोट उतरला की नाही गळ्याकडे बघायचं, मगच पुढचा चमचा. अर्धी वाटी पाण्याला वीस मिनिटं. इनचार्ज म्हणाल्या, तेवढ्या वेळात तीन चार्ट भरून झाले असते. झालेही असते. आजोबांना ठसका लागला असता तर तो कुठल्या रकान्यात लिहायचा होता?

परखड_पाटील
सिस्टर, तुमचं पटलं. मंदगतींचं नाही पटलं.

गिरणगावातला
सगळ्यांना एक आठवण. रविवार आभाळातून पडलेला नाही. गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली आणि रविवारची सुट्टी मिळाली १० जून १८९० ला. खंडोबाचा वार म्हणून रविवार मागितला, हेही लक्षात घ्या. मालकांना तेव्हाही सुट्टी म्हणजे आळसच वाटायचा. आणि २०२५ मध्ये कारखान्यातली दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ वर न्यायला आपल्याच मंत्रिमंडळानं मंजुरी दिली. तुम्ही बसा वामकुक्षीवर भांडत.

परखड_पाटील
काका, चाकणला येऊन पोरांना विचारा. ओव्हरटाइमचे पैसे खरोखर हातात पडणार असतील तर निम्मी पोरं हो म्हणतील. गाडीचा हप्ता आहे, गावी घराचं काम अर्धवट आहे.

गिरणगावातला
हो म्हणतील. आमच्याकडेही म्हणायचे. माझे वडील जोडपाळी करून आले की ताटावरच पेंगायचे. आई भाजी परत गरम करायची आणि ते तोवर आडवे. पैसे आले, नाही म्हणत नाही. पण वडील म्हटलं की मला त्यांची पाठच आठवते.

परखड_पाटील
हे असं लिहिलंत की उत्तर देता येत नाही. पण हप्ता कोण भरणार, हा प्रश्न सोडत नाही मी.

मंदगती
साहेबांचा भरून झाला असेल, तेच सातवा धडा शिकवतायत.

आठ_बेचाळीसची_लोकल
वाणीशेठ, वजाबाकी केली. अकराच. प्रवास धरून माझे चौदा होतात, पण असो, तुम्हीच जिंकलात म्हणा. रुखवताचं निम्मं सामान अजून घ्यायचंय.

पेठेतला_वाणी
सकाळी या. यादी लिहून आणा. काउंटरवर उभं राहून बहिणीला व्हिडिओ कॉल लावायचा नाही.