रंग पाण्यात जातो की पोटात? भाज्या-फळांच्या स्वयंपाकाचे अनुभव

धागा सुरू करताना, पुण्याहून

गेल्या वर्षी वडिलांच्या रक्तातील साखर वाढलेली आढळली, तेव्हा आहारतज्ज्ञांनी रोजच्या ताटात किमान तीन रंगांच्या भाज्या-फळे असावीत आणि त्यांत बटाटा धरू नये, असे सांगितले. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसासाठी दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळे-भाज्या सुचवते आणि तीही बटाट्यासारखे पिष्टमय कंद त्यातून वगळते. आम्ही वजनकाटा काढून पाहिले, तर निवडलेली एक जुडी मेथी आणि कोशिंबिरीचे दोन टोमॅटो हा चौघांचा दिवसभराचा हिशेब माणशी १०० ग्रॅमच्या आसपासच थांबत होता. आपल्या घरी भाजी रोज होते या समजुतीवर आम्ही इतकी वर्षे निश्चिंत होतो.

पाककृती कुठेही मिळतात. त्या घरात रुजवताना काय करावे लागले आणि कुठे फसगत झाली, हे येथे लिहावे. फसगत आधी लिहिली तर अधिक उपयोग होईल.

नाशिकहून

फसगतच सांगते. बीट सोलून, फोडी करून मी भरपूर पाण्यात शिजवत असे आणि ते लालभडक पाणी मोरीत ओतून देत असे. बिटाचा रंग पाण्यात विरघळणारा असतो, फोलेटसारखी जीवनसत्त्वेही पाण्यात उतरतात, म्हणजे मी चव राखून बाकीचे बरेचसे फेकत होते. आता बीट सालासकट, देठाचा दोन बोटे भाग ठेवून, अख्खे वाफवते आणि गार झाल्यावर साल ओढून काढते. किसून, दही आणि दाण्याचे कूट घालून, वरून हिंग-मोहरीची फोडणी दिली की कोशिंबीर तयार होते. ती प्रथम केली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी यजमान घाबरेघुबरे होऊन न्हाणीघरातून बाहेर आले आणि थेट दवाखान्यात निघाले, कारण लघवी गुलाबी झाली होती. काही लोकांमध्ये बिटाचा रंग असा बाहेर पडतो आणि त्यात धोका नसतो. तरी बीट खाल्लेले नसताना असे दिसले तर मात्र डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे.

डोंबिवलीहून

माझी मुलगी दहा महिन्यांची असताना तिला लाल भोपळा आणि गाजर इतके आवडू लागले की सकाळ-संध्याकाळ मी तेच भरवत राहिले. एके दिवशी सासूबाईंनी तिचे तळहात उजेडात धरले, तर ते पिवळसर नारिंगी झालेले होते, आणि घरात कावीळ हा शब्द उच्चारला गेला. बालरोगतज्ज्ञांनी प्रथम तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग पाहिला, तो स्वच्छ होता. मग ती काय खाते ते विचारले आणि ते हसले. या भाज्यांतील बीटा कॅरोटीनपासून शरीर लागेल तेवढे 'अ' जीवनसत्त्व तयार करते आणि उरलेला रंग काही काळ त्वचेत साठून राहतो. भोपळा बंद न करता इतर भाज्यांबरोबर आलटूनपालटून द्यावा, एवढाच सल्ला मिळाला. तळहात पूर्ववत व्हायला दीड महिना लागला आणि तोवर आमच्या मजल्यावरील प्रत्येकाने आम्हाला काविळीचे औषध सुचवले.

पुण्याहून, मध्येच

हा रंग तेला-तुपात विरघळतो, म्हणून भोपळ्याच्या भाजीला अजिबात तेल नको हा आमचा नियम आम्ही मोडला. चमचाभर तेलाची फोडणी पुरते.

मडगावहून

तीन रंगांचा प्रश्न आमच्याकडे चतुर्थीचे खतखते एकाच टोपात सोडवते: लाल भोपळा, सुरण, मुळा, मक्याचे कणीस, शेवग्याच्या शेंगा, तूरडाळ, ओले खोबरे आणि तिरफळे. अडचण उरलेल्या दिवसांची असते. माझा मुलगा पालेभाजी ताटाबाहेर सारत असे. एकदा तांबडी भाजी, म्हणजे लाल माठ, वाढताना तिचा रस भाताला लागला, भात गुलाबी झाला आणि त्याने तो मागून घेतला. आता मी भाजी मुद्दाम थोडी ओलसर ठेवते आणि लिंबाची फोड सोबत देते, कारण पालेभाजीतील लोह 'क' जीवनसत्त्वासोबत अधिक चांगले शोषले जाते. मी स्वतः मात्र जेवणावर लगेच चहा पिण्याची सवय अजून सोडू शकलेले नाही, आणि चहा याच लोहाला अडवतो.

लंडनहून

जांभळी कोबी नेहमीच्या कोबीसारखी परतली आणि ती राखाडी निळी झाली. ती कोणी खाल्ली नाही. येथील नळाचे पाणी जड आणि किंचित अल्कधर्मी आहे, त्यात तो रंग निळ्याकडे झुकतो. आईने दिलेली आमसुले आरंभीच टाकल्यापासून भाजी सुरेख गुलाबी होते.

कोल्हापूरहून

माझ्या वडिलांच्या हृदयाची झडप बदललेली असून त्यांना रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन चालू आहे. आरोग्यासाठी म्हणून आम्ही पालक, मेथी आणि शेपूचा एकदम सपाटा लावला आणि पुढच्या तपासणीत त्यांचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, घसरलेला निघाला, कारण हिरव्या पाल्यातील 'के' जीवनसत्त्व या औषधाच्या विरुद्ध काम करते. डॉक्टरांनी पालेभाजी तोडायला सांगितली नाही. दर आठवड्याचे प्रमाण सारखे ठेवायला सांगितले.

साताऱ्याहून

वर बीट अख्खे शिजवण्याविषयी लिहिले आहे, ते माझ्या घरी अर्ध्याच माणसांना लागू पडते. आईची मूत्रपिंडे अशक्त झाली असून रक्तातील पोटॅशियम वाढते, त्यामुळे डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या भाज्या मी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळते आणि ते पाणी फेकून देते. शहाळे बंद आहे, आणि कमरख, म्हणजे स्टारफ्रूट, तर घरातही आणत नाही. त्यातील विषारी घटक अशी मूत्रपिंडे बाहेर टाकू शकत नाहीत. रंग गेलेली ती भाजी आई निमूटपणे खाते, याचे मला फार वाईट वाटते; म्हणून लसूण, जिरे आणि लिंबाचे चार थेंब यांवर मी अधिक लक्ष देते. आमच्या शेगडीवर सध्या दोन पातेली असतात: एकातील पाणी मोरीत जाते आणि दुसऱ्यातील पाण्यात आम्हा उरलेल्यांची कणीक भिजते.