स्क्रीन पुसायचं लिक्विड आणि बोटांना मुंग्या

राजारामपुरीचा मोबाइलवाला
कोल्हापुरात माझं रिपेअरिंगचं दुकान आहे, आठ बाय दहाचं. ग्लास बदलताना जुना गम काढायला पूर्वी आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) वापरायचो. दिवाळीपासून सप्लायर दुसरंच लिक्विड देतोय. झटक्यात उडतं, काम पटापट होतं. पण माझ्याकडचा पोरगा दोन महिने म्हणतोय, "मामा, बोटांना मुंग्या येतात, स्क्रू धरवत नाही." मी म्हटलं, रात्रभर गेम खेळतोस, दुसरं काय होणार! परवा एक गिऱ्हाईक म्हणालं, चीनमध्ये आयफोनचे स्क्रीन पुसणारी माणसं अशीच लुळी पडली होती. खरं आहे का हे?

संध्या_रसायन
खरं आहे. सुझौमधला विंटेक या तैवानी कंपनीचा कारखाना. 2009 मध्ये तिथे टचस्क्रीन पुसायला अल्कोहोलऐवजी एन-हेक्झेन नावाचं रसायन वापरत होते. कारण तुम्ही लिहिलंत तेच: पटकन उडतं. पण उडून जातं कुठे? बंद खोलीत, पुसणाऱ्याच्याच नाकात. शरीरात त्याचं जे रसायन बनतं, ते हातापायांच्या नसांवर घाव घालतं. आधी मुंग्या, मग बधिरपणा, मग पकड जाते, चालताना पाय लटपटतात. जानेवारी 2010 मध्ये तिथले कामगार संपावर गेले. 137 जणांना बाधा झाल्याचं ॲपलने 2011 च्या स्वतःच्या अहवालात छापलं, आणि अंतिम जुळणीच्या कामात हेक्झेनवर ॲपलची बंदी आली 2014 मध्ये! दादा, पोराला न्यूरोलॉजिस्टकडे न्या. लिक्विड थांबवल्यावरही काही आठवडे त्रास वाढू शकतो, तेव्हा "बरं वाटतंय का बघू" करत बसू नका.

डोंग्वान_रिटर्न
मी चार्जरच्या क्वालिटी तपासणीसाठी चीनमधल्या डोंग्वानला सात-आठ फेऱ्या केल्यात. आम्ही येणार म्हटलं की आदल्या दिवशी मास्क वाटायचे, हे तिथल्याच एका लाइन लीडरने जेवताना सांगितलं. आणखी एक गोष्ट आपल्याकडे कुणी लक्षात घेत नाही. ओव्हरटाइम बंद झाला की पोरं खूश होत नसत, दुसरा कारखाना बघत. मूळ पगारात भागायचंच नाही. चीनच्या कायद्यात ओव्हरटाइमला महिन्याला 36 तासांची मर्यादा आहे. ती पाळणारा कारखाना मला तरी दिसला नाही. आयफोन जुळवणाऱ्या फॉक्सकॉनच्या शेन्झेनमधल्या कारखान्यात 2010 साली कामगारांच्या आत्महत्यांची रांग लागली, तेव्हा उडी मारणाऱ्यांना झेलायला इमारतींना जाळ्या बांधल्या. पगारही वाढवला म्हणा, पण आधी आठवतात त्या जाळ्याच.

राजारामपुरीचा मोबाइलवाला
ताई, आत्ता बाटली बघितली. 'स्क्रीन क्लीनर' एवढंच लिहिलंय, आत काय आहे त्याचा पत्ता नाही. सप्लायरला फोन केला तर म्हणतो, "सगळेच वापरतात की!"

संध्या_रसायन
बाटली फेकू नका. बूच घट्ट लावून डॉक्टरांकडे सोबत न्या. आणि तुमच्या बोटांचं काय?

राजारामपुरीचा मोबाइलवाला
मी काउंटरला असतो. पुसायचं काम तोच करतो. उद्या सकाळी शटर बंद ठेवून त्याला घेऊन जातोय.