मदत हवी आहे: भुसा सांडणाऱ्या सशाचा सिनेमा कोणता?

पारिजात: एका जुन्या सिनेमाचं नाव तातडीनं हवंय. पेंढा भरलेला ससा काचेच्या पेटीतून बाहेर येतो, पोटातून भुसा सांडत पळतो. लहानपणी दादासोबत पाहिला होता. तो रविवारी परत जातोय, त्याआधी दोघांना एकत्र बघायचाय. शोधून दमले.

रानवारा: भाषा कोणती? कार्टून की खरी माणसं? कुठे पाहिलात?

पारिजात: ससा सांगितला की! भाषा कळत नव्हती.

जुनेजाणते: कारेल झेमान या चेक दिग्दर्शकाचा १९५८चा 'व्हिनालेझ झ्काझी' बघाच. ज्यूल व्हर्नची कथा. जुन्या पुस्तकातल्या कोरीव चित्रांसारखे रेघारेघांचे पडदे आणि त्यांच्यापुढे खरी माणसं वावरतात.

रानवारा: अहो काका, ससा कुठाय त्यात? 'ला प्लानेत सोवाज' असेल, १९७३. निळे महाकाय जीव माणसं पाळतात.

जुनेजाणते: मग त्यात तरी कुठाय ससा? ते कागदी कातरकाम आहे. ताईंचा ससा भुशाचा आहे.

टेपवाला: व्हीएचएस कॅसेटला बुरशी आली असेल तर प्लेअरमध्ये घालू नका, हेड खराब होतं.

पारिजात: कॅसेट नाहीये हो माझ्याकडे! अजून एक आठवलं. मोज्याची अळी होती, तोंडात कवळी. झोपताना ती स्वतःचे डोळे सुईदोऱ्यानं शिवून घेते. मी तेव्हा दादाचा हात घट्ट धरला होता.

काजळमाया: चेक दिग्दर्शक यान श्वान्कमायर! 'न्येत्सो झ आलेन्की', १९८८, इंग्रजीत 'अ‍ॅलिस'. टेबलाच्या खणात शिरणारी मुलगी आठवते का? मधूनमधून तिच्या नुसत्या ओठांचा क्लोजअप?

पारिजात: हो!! ओठ! हाच. डोळ्यांत पाणी आलं. खूप खूप आभार.

रानवारा: पण लहान मुलांना असलं कोणी दाखवतं का? आळशी पालक.

काजळमाया: मुलांनाच ते पटतं. अडगळीतली हाडं, खिळे, मोजे रात्री जिवंत होतात हे त्यांना सांगावं लागत नाही. यातली प्रत्येक वस्तू खरी आहे, फ्रेम-फ्रेम करून हातानं हलवलेली. म्हणून तो भुसा इतक्या वर्षांनीही बोटांना लागतो. संगणकावरचा ससा असा कोणाला आठवत राहणार?

जुनेजाणते: हे मान्य. तरी झेमान बघाच.

पारिजात: एकच राहिलं. इंग्रजी डबिंग नको, मूळ चेक आवाज आणि सबटायटल्स असलेली प्रत कुठे मिळेल? आज शुक्रवार आहे.