बागेतले इंग्रजी शब्द आणि शब्दकोशातले अर्थ

गोदाकाठ :
नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात, मराठी माध्यमाच्या शाळेत मी नववीला इंग्रजी शिकवते. वर्गातील बरीच मुले द्राक्षबागायतदारांच्या घरची असल्यामुळे 'स्टॉक', 'केन', 'बड', 'कॅनोपी' हे शब्द त्यांच्या कानांवर पुस्तकाआधीच पडलेले असतात. डॉगरिज जातीच्या स्टॉकवर, म्हणजे खालच्या मुळाच्या खुंटावर, थॉमसन या द्राक्षजातीचे कलम कसे भरतात, हे त्यांतील काही जण मलाच समजावून सांगतात. अडचण पुढे येते. धड्यात दुकानातला किंवा शेअर बाजारातला 'स्टॉक' आला की तो निराळाच शब्द आहे असे मुले धरून चालतात, आणि झाडाची साल व कुत्र्याचे भुंकणे हे 'बार्क'चे दोन अर्थ मात्र ओढूनताणून एकमेकांशी जोडू पाहतात. एकाच शब्दाचे अनेक अर्थ कोणते आणि योगायोगाने सारखे दिसणारे दोन शब्द कोणते, हे ओळखण्याची काही खात्रीची रीत आहे का? बागेतल्या अर्थापासून सुरुवात करणे योग्य ठरेल का?

शब्दांचा_शेजारी :
'स्टॉक'पुरते तरी बागेपासूनच सुरू करावे, कारण त्याचा जुना अर्थच झाडाचे खोड, ओंडका असा आहे. कलम ज्यावर भरतात तो स्टॉक आणि वंश किंवा घराणे या अर्थाचा स्टॉक, हे दोन्ही त्या खोडाचेच फुटवे आहेत. पैशाच्या व्यवहारातही हे लाकूड एके काळी प्रत्यक्ष हाताळले जात होते. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये देण्याघेण्याची नोंद काठीवर खाचा पाडून ठेवीत, मग ती काठी उभी चिरीत आणि पैसे देणाऱ्याकडे राहणाऱ्या मोठ्या भागाला 'स्टॉक' म्हणत. (अशा जुन्या काठ्यांचे ढीग १८३४ साली लंडनला पार्लमेंटच्या भट्ट्यांत जाळायला घेतले आणि त्या आगीत पार्लमेंटची इमारतच भस्मसात झाली, मुलांना ही हकीकत नक्की आवडेल.) 'कॅनोपी' मात्र उलट्या वाटेने बागेत आला. डासासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून मच्छरदाणी, तीवरून पलंगावरचे छत, आणि तेथून वेलीवरचे पानांचे छत असा त्याचा प्रवास आहे.

कोशवाचक :
रीत विचारली आहे, तर व्युत्पत्ती देणारा कोश उघडावा. उगम वेगळे असतील तर अशा कोशात शब्दाच्या स्वतंत्र, क्रमांक दिलेल्या नोंदी असतात. उगम एक असेल तर सारे अर्थ सहसा एकाच नोंदीखाली येतात. विद्यार्थ्यांसाठीच्या काही कोशांत नाम आणि क्रियापद यांनाही वेगळ्या नोंदी देतात, त्यामुळे नुसत्या क्रमांकावर विसंबू नये. 'बार्क' म्हणजे साल हा शब्द स्कँडिनेव्हियातून आला, तर भुंकण्याचा 'बार्क' हा जुन्या इंग्रजीतला आहे. 'डेट' म्हणजे खजूर हा बोटासाठीच्या ग्रीक शब्दावरून आला. तारखेचा 'डेट' लॅटिनमधल्या 'दिलेले' या अर्थाच्या शब्दावरून आला, कारण पत्र कोठे आणि केव्हा दिले हे त्या शब्दाने लिहीत असत.

द्राक्षांच्या गावात 'करंट' तर सांगायलाच हवा. नदीचा प्रवाह आणि विजेचा प्रवाह हा एकच 'करंट', आणि त्याच्या मुळाशी धावणे आहे. बारीक काळ्या मनुकांचा 'करंट' मात्र ग्रीसमधल्या कॉरिंथ शहराच्या नावावरून पडला आहे. इंग्रजी स्पेलिंगमध्ये या दोहोंत एकाच अक्षराचा फरक आहे, आपल्या लिपीत तर तोही उरत नाही.

सिडकोवासी :
व्युत्पत्ती रंजक असते हे मान्य. पण परीक्षेत मुलाला वाक्याचा अर्थ लावायचा असतो आणि तेथे शेजारचे शब्दच कामाला येतात. दुधाची धार काढणे आणि विळ्याला धार लावणे यांत आपल्या मुलांचा कधी गोंधळ होतो का? क्रियापद ऐकताच त्यांना अर्थ कळतो. 'स्प्रिंग'चेही तसेच शिकवावे. उसळणे हे त्याचे मूळ एकदा सांगितले, की जमिनीतून उसळणारा झरा, दाबून सोडताच उसळणारी तार आणि पालवी उसळून येण्याचा ऋतू हे तिन्ही अर्थ हाताशी येतात. पुढे नुसती वाक्ये द्यावीत आणि कोणत्या शब्दावरून अर्थ ठरवला ते प्रत्येकाला अधोरेखित करायला सांगावे.

गोदाकाठ :
अधोरेखनाची सूचना पटली. 'स्टॉक' आणि 'करंट' यांपासून सुरुवात करते. 'बँक' मात्र अजून कोणी घेतला नाही. नदीचा काठ आणि पैशांची बँक यांना कोशात दोन नोंदी दिसतात.

कोशवाचक :
नोंदी दोन आहेत हे बरोबर, पण हे प्रकरण 'बार्क'इतके सरळ नाही. पैशांची बँक इटालियनमधल्या सराफाच्या बाकावरून आली, काठाचा शब्द स्कँडिनेव्हियातून आला, आणि मागे जाता दोन्ही एकाच जर्मानिक मुळाला मिळतात. नववीच्या वर्गात ते दोन वेगळे शब्द म्हणूनच शिकवावेत.