मामांची जुनी मारुती ८०० घेऊन एकट्याने अलिबाग ते वेंगुर्ला: काय काय तपासू?

सडेवाट (प्रश्न)
दिवाळीनंतर किनाऱ्याच्या रस्त्याने अलिबागहून वेंगुर्ल्यापर्यंत एकट्याने जायचंय. गाडी मामांची, १९९८ची कार्बोरेटरवाली मारुती ८००, एसी असलेली. गावात रोज फिरते, पण लांब गेलेली नाही. आधी काय करून घेऊ, फेरीबोटींवर काय सांभाळायचं, आणि गाडी दुसऱ्याच्या नावावर असल्याने कागदांचं काय?

जांभाचिरा (उत्तर)
या रस्त्यावर जुनी गाडी अंतराने दमत नाही, खाड्यांनी दमते. सड्यावरून (किनाऱ्यालगतच्या कातळी पठारावरून) उतरत थेट पाण्यापर्यंत जायचं, बोटीसाठी थांबायचं आणि पलीकडे उतरल्या उतरल्या पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये पुन्हा सडा चढायचा. उतारावर ब्रेक तापतात, चढावर इंजिन. त्यामुळे पैसे आधी या दोन गोष्टींवर खर्च करा, टेप आणि सीटकव्हर नंतर.

कूलिंग: रेडिएटर फ्लश, नवा कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव), रेडिएटरची टोपी नवी. टोपीचं रबर गेलं की प्रेशर टिकत नाही, मग पाणी लवकर उकळतं. होजपाइप दाबून बघा. बोटाखाली कडक किंवा भेगाळलेला लागला तर बदला. टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या झडपा वेळेवर हलवणारा रबरी पट्टा) कधी बदलला हे मामांना आठवत नसेल, तर किलोमीटर न बघता बदला. रबर वयानेही मरतं.

ब्रेक: पुढचे पॅड, मागचे लायनर आणि व्हील सिलिंडरची (चाकात ब्रेक दाबणाऱ्या भागाची) गळती बघून घ्या. ब्रेक ऑइल पूर्ण काढून नवं भरा. ते हवेतला ओलावा ओढतं, आणि तसं जुनं ऑइल लांब उतारावर उकळलं की पेडल पाय ठेवताच खाली जातं. ज्या गिअरने चढ चढला असता त्याच गिअरने उतार उतरा.

पेट्रोल: आता पंपांवर इथेनॉल मिसळलेलंच मिळतं. त्याने जुने रबरी पाइप आणि इंजिनावरच्या फ्युएल पंपाचा डायफ्राम (आतला रबरी पडदा) फुगतो, टाकीतला गाळ सुटून फिल्टरमध्ये येतो. पाइप बदला, इनलाइन फिल्टर नवा बसवा आणि एक जादा जवळ ठेवा. चढावर गाडी आचके देऊ लागली तर पहिला संशय या फिल्टरवरच घ्या.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांच्या वर गेलेला टायर नक्षी चांगली दिसली तरी नको, स्टेपनीसुद्धा.

खाडीकाठ (उत्तर)
चार फेरीबोटी अशा: आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड. पुढे रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत पूल आहेत. सरासरी ताशी ३० किलोमीटर धरा आणि अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा. निघायच्या दिवशी फोन करून बोट चालू असल्याची खात्री करा, कारण दाभोळची बोट चुकली तर चिपळूणवरून वळसा शंभरएक किलोमीटरचा पडतो.

रांगेत इंजिन बंद ठेवा. ओहोटीला जेट्टीचा उतार जास्त उघडा पडतो, खालचा भाग शेवाळाने बुळबुळीत असतो, आणि बोटीची फळी उताराला जिथे टेकते तिथे खाच तयार होते. ८००चा बंपर किंवा सायलेन्सर तिथेच घासतो. आधी चालत खाली जाऊन ती खाच बघून या. जड बॅग डिकीत न ठेवता मागच्या सीटच्या पायाशी ठेवा, म्हणजे शेपूट खाली बसत नाही. पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, अ‍ॅक्सिलरेटर एकसारखा. खलाशी हात करेल तसंच चला; रिव्हर्स घ्यायला सांगितलं तर आरशापेक्षा त्याच्या हाताकडे बघा. बोटीवर हँडब्रेक लावा आणि गाडी गिअरमध्ये ठेवा.

मुरूड, श्रीवर्धन, दापोली, गुहागर, रत्नागिरी, देवगड, मालवण इथे पेट्रोल मिळतं. टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. आणि पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, गाडी नेऊ नका. भरती कोणाची वाट बघत नाही, आणि एकट्याला ढकलायला कोणी नसतं.

कागदपत्र (उत्तर)
पहिलं आरसी बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण आणि पर्यावरण कर. मुदत संपली असेल तर त्या गाडीने निघूच नका. विमा आणि पीयूसी चालू हवं. मामांकडून तारीख-सहीचं संमतिपत्र आणि त्यांच्या ओळखपत्राची प्रत घ्या. चौकीवर प्रश्न आला तर बोलणं सोपं होतं.

एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. थर्ड पार्टी विमा गाडीसोबत चालतो, पण त्यातलं वैयक्तिक अपघाताचं सक्तीचं संरक्षण मालक-चालकाला असतं, म्हणजे मामांना. तुम्हाला ते लागू नाही. एकट्याने जाताय, तेव्हा स्वतःची वेगळी अपघात पॉलिसी आहे का ते बघाच. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात टोइंगही नसतं.

सडेवाट
मनापासून आभार. कूलिंगचं काम झाल्यावर ते नीट झालंय हे घरीच कसं ओळखू? आणि चढावर तापमानाचा काटा वर गेलाच तर?

जांभाचिरा
एसी बंद करून गाडी जागेवर चालू ठेवा. काटा मध्याच्या आसपास आला की पंखा आपोआप सुरू व्हायला हवा, काटा थोडा उतरून पंखा बंद व्हायला हवा. असं दोन-तीन वेळा झालं तर थर्मोस्विच (तापमानानुसार पंखा चालू-बंद करणारा स्विच) आणि पंखा ठीक. पंखा लागलाच नाही तर तिथेच बंद करा. स्विच बायपास करून पंखा थेट कसा लावायचा हे मेकॅनिकसमोर एकदा स्वतःच्या हाताने करा, त्यासाठी लागणारी वायर डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा.

चढावर काटा वर गेला की एसी बंद, हीटर आणि ब्लोअर पूर्ण. घाम फुटेल, पण इंजिनची उष्णता बाहेर पडते. तरीही चढत राहिला तर सावली बघून थांबा, बॉनेट उघडा, अर्धा तास रेडिएटरच्या टोपीला हात लावू नका. काटा एकदम खाली पडला तर गार झालं असं समजू नका. कूलंट संपून सेन्सर कोरडा पडला तरी काटा तसाच पडतो. तेव्हा इंजिन लगेच बंद करा. पाच लिटर साधं पाणी सोबत असू द्या.

काटा मध्यावरच आहे आणि गाडी गरम असताना बंद पडून सुरू होत नाही, तर बहुधा पेट्रोलची वाफ पाइपात अडकलेली असते. इंजिनावरच्या फ्युएल पंपावर आणि पाइपावर ओलं फडकं ठेवा, दहा-पंधरा मिनिटांनी स्टार्टर मारा.