पालिकेचं क्रीडा संकुल चालवायचं कुणी?

अंत्रुजकर:
गोव्यातल्या आमच्या पालिकेचं क्रीडा संकुल बांधून तयार आहे. खाली दोन बॅडमिंटन कोर्टं, वर व्यायामशाळा, मागे छोटं सभागृह. आता पालिका मंडळात वाद चाललाय: पालिकेनेच चालवावं, पावणी म्हणजे लिलाव करून ठेकेदाराला द्यावं, की रवींद्र भवनासारखी (ती सरकारी कलासंकुलं) वेगळी संस्था नेमावी. माझा पावणीला साफ विरोध आहे. सोपोचं, म्हणजे बाजारात बसणाऱ्यांकडून घेतल्या जाणाऱ्या कराचं, पावणीत काय होतं ते बाजारात जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. मोठी बोली लावणारा ती रक्कम भाजी घेऊन बसणाऱ्या बायकांकडूनच वसूल करतो. संकुलात ती खेळायला येणाऱ्या पोरांकडून वसूल होईल, एवढाच फरक. संस्था नेमा. तिच्यात खेळाडू, पालक, एखादा निवृत्त क्रीडा शिक्षक घ्या.

शेवंती:
अंत्रुजकरबाब, रवींद्र भवनांना सरकारी अनुदान मिळतं, हे विसरून कसं चालेल? शिवाय तिथल्या समित्याही सरकारच नेमतं. तुमच्या संस्थेत निवृत्त शिक्षक दोन महिने टिकेल, नंतर नगरसेवकांचे मेहुणे. आणि पालिकेने स्वतः चालवायचं म्हणजे? नोकरदार माणूस खेळायला येतो संध्याकाळी सहानंतर. त्याच वेळी पालिकेचा शिपाई किल्ली खिशात घालून घरी निघालेला असतो. ठेकेदाराचे पैसे अडकलेले असतात, म्हणून तो निदान दिवे तरी लावतो.

अंत्रुजकर:
दिवे लावतो, पण कुणासाठी? आमच्या जवळच्या एका गावात असाच हॉल ठेक्याने दिला होता. शनिवार-रविवार लग्नं. सोमवारी पोरं रॅकेट घेऊन गेली तर लाकडी फळ्यांवर लोखंडी खुर्च्यांचे लांबच लांब चरे, नेटच्या खांबाला झेंडूच्या माळा आणि कोपऱ्यात सोलकढीचा वाळलेला डाग. विचारलं तर उत्तर मिळालं, ‘खेळातून भाडंसुद्धा सुटत नाही.’ त्याचं खोटं नव्हतं. बोलीच तेवढी लावली होती.

दर्यावर्दी:
तुम्ही दोघंही ठेका म्हणजे पावणी असंच धरून बोलताय. 2008पासून गोव्याच्या किनाऱ्यांवर जीवरक्षक खासगी कंपनीचे आहेत. पैसे सरकार मोजतं, पाण्यात उतरणाऱ्याला तिकीट नाही. ठेकेदाराने पालिकेला पैसे द्यायचे की पालिकेने ठेकेदाराला, सगळा प्रश्न इथेच आहे. पहिल्या प्रकारात त्याला लग्नं लागतात. दुसऱ्यात दर पालिका ठरवते आणि संकुल वेळेवर उघडलं नाही तर बिल कापते.

शेवंती:
हे पटलं. पण पालिका मोजणार कुठून? घरपट्टी, सोपो, परवाने, संपलं. कामगारांचा पगार काढतानाच नाकी नऊ येतात.

मांडवीकाठ:
घटनेच्या बाराव्या अनुसूचीत उद्यानं आणि क्रीडांगणं पालिकेच्या कामांत आहेत, 1992च्या 74व्या दुरुस्तीपासून. तेव्हा परवडत नाही म्हणून हात वर करता येत नाहीत.

शेवंती:
अनुसूचीत काम लिहिलंय, त्यासोबत पैसे नाही पाठवले. आणि ही कामं पालिकांना किती द्यायची हेही राज्यच ठरवतं.

कोर्टनंबरदोन:
मी मुलांना शिकवतो. मालक कोण याने मला काडीचाही फरक पडत नाही. मला हवेत दुपारी चार ते सहा, रोजचे, लेखी. गोव्यात इनडोअर हॉल खेळापुरता कधीच राहत नाही. बांबोळीचं श्यामाप्रसाद मुखर्जी स्टेडियम 2014च्या लुसोफोनिया, म्हणजे पोर्तुगीज भाषिक देशांच्या क्रीडास्पर्धेसाठी बांधलं. कोविडमध्ये तिथे रुग्ण ठेवले, 2022 साली तिथेच मुख्यमंत्र्यांचा शपथविधी झाला. कोविडचं समजू शकतो, बाकीचं राहू द्या. आमच्या संकुलातही चतुर्थीचा बाजार, मतमोजणी, कुणाची तरी एकसष्टी, सगळं येणार. म्हणून तास आधी करारात बांधा, ठेकेदार मग शोधा.

अंत्रुजकर:
सरबाब, ते तास पाळले जातात की नाही हे बघणार कोण? म्हणूनच तर संस्था म्हणतोय. पैसे दर्यावर्दी म्हणतात तसे पालिकेने मोजावेत, पण महिन्याचं बिल पास होण्याआधी त्यावर पालकांच्या समितीची सही हवी. सभागृह लग्नांना द्या, माझी हरकत नाही. त्याचं भाडं पालिकेच्या तिजोरीत जाऊ दे, त्यातूनच ठेकेदाराचे पैसे निघतील. कोर्टावर मात्र एकही खुर्ची नको.

दर्यावर्दी:
सभागृहाचं भाडं पुरेल? लग्नाचे मुहूर्त पावसाळ्यात नसतात आणि खेळणारे नेमके पावसाळ्यातच आत येतात. त्या चार महिन्यांचं बिल कशातून?

अंत्रुजकर:
मार्च-मेच्या भाड्यातून बाजूला काढून ठेवायचं. वेगळं खातं.

शेवंती:
पालिकेचं वेगळं खातं! बरं, तेही धरून चालू. जूनमध्ये पत्रा गळला, फळ्या फुगल्या, तर दुरुस्ती कुणाची?

अंत्रुजकर:
पालिकेची. इमारत तिची आहे.

शेवंती:
म्हणजे फाइल परत त्याच टेबलावर, आणि कोर्ट चतुर्थीपर्यंत बंद. ठराविक रकमेपर्यंतची दुरुस्ती ठेकेदारानेच करून बिलात लावायची, एवढं कलम घाला. मग तुमच्या पालकांच्या समितीला मी विरोध करणार नाही.