मदत हवी आहे: पिकअपला साइड स्टेप, आईला चढता यावं आणि शेतरस्त्यावर घासूही नये

नमस्कार मंडळी,

गाडी इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप, डबल कॅब, 2018 ची, सेकंडहँड घेतली आहे. आधीच्या मालकाला साइड स्टेप आवडत नव्हत्या म्हणे, त्यामुळे त्या काढलेल्याच मिळाल्या. राहायला धायरीत, शेत सासवडच्या पुढे. बोपदेव घाटापर्यंत काही अडचण नाही. शेवटचा रस्ता मात्र बैलगाडीचा: दोन्ही बाजूंना चाकोऱ्या आणि मधे उंचवटा.

अडचण आईची. दोन्ही गुडघे दुखतात, पण शेतावर यायचा हट्ट सोडत नाही. टेप लावून मोजलं तर जमिनीपासून दाराच्या उंबऱ्यापर्यंत 22 इंच भरले. आमच्या इमारतीच्या जिन्याची पायरी आहे साडेसहा इंच, आणि तीही ती कठड्याला धरूनच चढते.

नाना पेठेत फिरून आलो. गोल पाइप, चपटा अ‍ॅल्युमिनियमचा बोर्ड आणि जाड चौकोनी नळीचे रॉक स्लायडर (दगडांपासून उंबरा वाचवणारे) असे प्रकार दिसले. दार उघडलं की आपोआप बाहेर येणारी इलेक्ट्रिक पायरीही दाखवली, तिची किंमत ऐकून मी विषय बदलला. घोळ असा की यातलं जवळजवळ सगळं उंबऱ्याला चिकटून, चार-पाच इंचच खाली बसतं. म्हणजे पहिलं पाऊल तरीही 17-18 इंच उचलावं लागणार. दिसायला झकास, पण आईच्या दृष्टीने शून्य. बरोबर मधे, 11 इंचावर घ्यावी तर चाकोरीत चाक उतरल्यावर ती पहिली टेकणार.

शिवाय एका दुकानदाराचं म्हणणं, "बॉडीला होल मारून तासाभरात बसवून देतो." दुसरा म्हणाला चासीलाच वेल्डिंग करू, आयुष्यभर बघायला नको. मला दोन्ही पटेना. कोणी हे निस्तरलंय का? बजेट मध्यम आहे, शो नको.

प्रतिसाद

आईसाठी दोन्ही बाजूंनी लांबलचक पायरी खाली आणायची गरजच काय? त्या पुढे डावीकडे बसतात ना? मग पाइप वरच ठेवा आणि फक्त त्या दाराखाली घोड्याच्या नालेच्या आकाराची एक लटकती पायरी घ्या. बोल्टवर काढता-घालता येईल अशी करून घेतली तर शेतरस्ता लागण्याआधी काढून मागे टाकता येते. हेही नको असेल तर रबरी पायांचं, रुंद बैठकीचं घडीचं स्टूल गाडीत ठेवा. आमच्याकडे सासूबाईंसाठी तेच चालतं, फक्त ते उचलून आत घ्यायचं काम ड्रायव्हरचं.

आणि पायरीइतकंच महत्त्वाचं म्हणजे हाताला आधार. पुढच्या काचेच्या खांबावरची मूठ घट्ट आहे का बघा. गुडघे दुखणारा माणूस अर्धा हातांनी चढतो.

प्रतिसाद

भोसरीत फॅब्रिकेशनचं काम करतो, म्हणून बसवण्याबद्दल तेवढं सांगतो.

दोघांनाही नाही म्हणा. पिकअपची केबिन चासीवर रबरी माउंटवर बसलेली असते आणि खड्ड्यात दोघी वेगवेगळ्या हलतात. त्यामुळे पायरीचा एक ब्रॅकेट चासीला आणि दुसरा बॉडीला असं कधीच करायचं नाही. आधी कुरकुर, मग चीर. चासीला वेल्डिंग केलं तर त्या जागी पोलादाचा गुण बदलतो. शिवाय तिथूनच ब्रेकचे पाइप, डिझेलचे पाइप आणि वायरिंग जातं. उंबऱ्याच्या पत्र्याला भोक पाडलं तर पहिल्या पावसाळ्यानंतर आतून गंज सुरू, बाहेर फुगा दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

गाडीखाली झोपून बघा. तुमच्या गाडीला आधी स्टेप होत्या, म्हणजे त्यांची मूळ भोकं असणारच, कदाचित रबरी बुचं लावलेली. त्यांनाच जुळणारे ब्रॅकेट घ्या, एका बाजूला निदान तीन. चासीची रेल उंबऱ्यापासून बरीच आत असते, त्यामुळे तरफ मोठी होते. पाय 14 इंच बाहेर आणि ब्रॅकेटच्या वर-खालच्या बोल्टांत 4 इंच अंतर धरलं, तर एकाच ब्रॅकेटवर उभा राहिलेला 80 किलोचा माणूस वरच्या बोल्टला 280 किलोने खेचतो. म्हणून 8.8 ग्रेडचे (जास्त ताकदीचे) बोल्ट, मोठे वॉशर आणि नायलॉक, म्हणजे हादऱ्याने सहज सैल न होणारे नट. पायरी आणि उंबरा यांत बोटभर फट सोडा, नाहीतर लाल माती तिथे थापून बसते.

स्टेनलेस स्टील घेणार असाल तर दुकानात चुंबक चिकटत नाही हे दाखवून "304 आहे", म्हणजे चांगल्या ग्रेडचं आहे, म्हणतील. त्यावर जाऊ नका, 202 या स्वस्त ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही आणि गंज मात्र लवकर धरतो. मी तुमच्या जागी असतो तर पावडर कोटिंग केलेलं साधं लोखंड आणि वर दातेरी जाळी घेतली असती. गुळगुळीत गोल पाइप ओल्या चपलेखाली सटकतो, आईंसाठी तर नकोच.

प्रतिसाद

संगम पुलाच्या आरटीओत कामं असतात म्हणून कायद्याचं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल, दोन्ही मूळ रचनेतल्या बदलांबद्दल कडक आहेत. डिसेंबर 2017 चं केंद्राचं पत्र बुलबार-क्रॅशगार्डबद्दल होतं. कंपनीची अ‍ॅक्सेसरी बिलासकट घेतली आणि ती चाकांच्या बाहेर आली नाही, तर वाद घालायला फारशी जागा उरत नाही. घरगुती रॉक स्लायडर बाहेर काढून बसवलात तर मात्र प्रश्न विचारले जातील.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. गाडीखाली जाऊन पाहिलं, चासीला बुचं लावलेली थ्रेडची भोकं सापडली. वर दातेरी बोर्ड आणि आईच्या दाराखाली काढता येणारी एक लटकती पायरी, असं ठरतंय. काचेच्या खांबावरची मूठही घट्ट आहे. भोसरीवाले दादा, लटकत्या पायरीचा भार बोर्डवर घ्यायचा की तिला चासीपर्यंत स्वतंत्र ब्रॅकेट द्यायचा?

प्रतिसाद

स्वतंत्र. बोर्डच्या कडेला लटकवली तर बोर्ड पिळतो. आणि बसवल्यावर 500 किलोमीटरनी सगळे नट एकदा पुन्हा आवळून घ्या.